हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे कोर्स: रनिंग स्टार्ट की एपी?

सिॲटलची_सर

नमस्कार मंडळी. आम्ही वॉशिंग्टन राज्यात, सिॲटलच्या पूर्वेकडच्या उपनगरात राहतो. लेक दहावीत आहे. अकरावी-बारावीचे विषय ठरवायची वेळ आली आहे आणि घरात सरळ दोन तट पडलेत.

तिला रनिंग स्टार्ट करायचंय. भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आमच्या राज्यात अकरावी-बारावीची मुलं कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) जाऊन तिथले नेहमीचे कोर्स घेऊ शकतात. १९९० मध्ये कायदा झाला तेव्हापासूनची ही योजना. ट्यूशन फी माफ, पुस्तकं आणि काही किरकोळ फी आपली. मिळालेले क्रेडिट शाळेतही धरतात आणि कॉलेजातही. पाच क्रेडिटचा एका क्वार्टरचा (साधारण तिमाही सत्राचा) कोर्स हा शाळेच्या अख्ख्या वर्षाच्या विषयाइतका मोजला जातो.

नवऱ्याचं म्हणणं, एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) घे. शाळेतच राहा, वर्षभर शिक, मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा दे, पाचापैकी चार-पाच मिळव. एपी देशभर सगळ्यांना कळतं, कम्युनिटी कॉलेजला कोण विचारतं, असं त्याचं मत.

लेक व्हायोला वाजवते. शाळेचा ऑर्केस्ट्रा काही झालं तरी सोडणार नाही म्हणते. पुढे काय करायचं हे अजून ठरलेलं नाही, जीवशास्त्राकडे ओढा आहे. ज्यांच्या मुलांनी यातलं काही केलंय त्यांनी अनुभव सांगा. नुसतं 'एपी चांगलं' किंवा 'रनिंग स्टार्ट चांगलं' नको, नेमकं काय घडलं ते हवंय.

चहाबाज

वाचतोय. आमचाही नंबर दोन वर्षांनी लागणार आहे.

टिळकरोड

पुण्याहून लिहितेय. सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "अकरावीत कॉलेज, यात काय नवल? आम्ही सगळे अकरावीतच कॉलेजला गेलो!" :)

मिनेसोटाकर

टिळकरोड, सासूबाईंना नमस्कार सांगा. :D

आता मुद्द्याचं. हे सगळं सुरू झालं ते आमच्या मिनेसोटात, १९८५ साली. रूडी पर्पिच नावाचे गव्हर्नर होते, पेशाने दंतवैद्य. त्यांच्या पुढाकाराने पोस्ट सेकंडरी एनरोलमेंट ऑप्शन्सचा कायदा झाला. इथे सगळे पीएसईओच म्हणतात. अशी राज्यव्यापी योजना आणणारं हे देशातलं पहिलं राज्य. आमच्याकडे ट्यूशन तर माफ आहेच, पुस्तकंही फुकट. कम्युनिटी कॉलेजच नव्हे, मिनेसोटा विद्यापीठातसुद्धा जाता येतं.

थोरल्याने अकरावी-बारावी पूर्ण वेळ पीएसईओ केलं. त्याला शाळेत करमत नव्हतं. हुशार होता असं नाही, पण शाळेच्या घंटेवर चालणं त्याला जमेना. कॉलेजात गेल्यावर दोन तासिकांच्या मधल्या मोकळ्या वेळात तो लायब्ररीत बसून वाचायला लागला. घरी ज्याला अभ्यासाला बसवायला मी रोज डोकं फोडायचो तो हाच, हे मला खरं वाटेना. त्याच्यासाठी ही योजना वरदान ठरली.

धाकटीने मात्र एक पाऊलही शाळेबाहेर टाकलं नाही. वाद-विवाद मंडळ, नाटक, मैत्रिणी सगळं शाळेत. तिने एपी केलं आणि तीही उत्तम चालली आहे. तेव्हा आधी मुलगी कशी आहे ते बघा, योजना मागाहून.

वैशाखी

मिनेसोटाकर +१. पण एक सांगते, 'मुलगी कशी आहे ते बघा' हे अर्धंच उत्तर झालं. क्रेडिट कुठे खपणार आहेत हेही तितकंच बघायला हवं.

माझा मुलगा कॅलिफोर्नियात, बे एरियात शिकला. दहावीतच एपीचं कॅल्क्युलस बीसी झालं. शाळेत पुढे गणितच उरलं नाही. मग संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा केलं. आमच्याकडे युनिटला ४६ डॉलर फी आहे, ती हायस्कूलच्या अर्धवेळ मुलांना माफ होते. टर्मला ११ युनिटपर्यंत घेता येतात. फॉर्मवर शाळेची सही लागते.

इथे असिस्ट नावाची सरकारी वेबसाइट आहे. कुठल्या कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) कुठल्या कोर्सच्या जागी चालतो, हे तिथे ओळीने लिहिलेलं असतं. कोर्स घ्यायच्या आधी आम्ही ते काढून बघितलं. मुलगा यूसीत गेला आणि दोन्ही कोर्स जसेच्या तसे लागले. त्याच्याच वर्गातला एकजण पूर्वेकडच्या खाजगी विद्यापीठात गेला, त्याचा एकही लागला नाही. अभ्यास तोच, मास्तर तेच, पुस्तकही तेच.

बरीच खाजगी विद्यापीठं विचारतात की हा कोर्स शाळेच्या पदवीसाठी मोजला का? मोजला असेल तर आमच्याकडे क्रेडिट नाही. आणि एपीवाल्यांनीही फार हुरळून जाऊ नये. कॅलटेक एपीला क्रेडिट देत नाही. ब्राऊन आणि डार्टमथही देत नाहीत, फार तर वरच्या वर्गात बसू देतात. एमआयटीत कॅल्क्युलस बीसीला पाच असतील तर पहिला कॅल्क्युलस सुटतो. म्हणजे जिथे जायचं त्या दाराशी काय नियम आहे तो आधी वाचा.

सिॲटलची_सर

वैशाखी, हे फार कामाचं सांगितलंत. आमच्याकडे इंग्लिश १०१ वगैरेच्या कोर्स नंबरात '&' असं चिन्ह असतं. त्याचा अर्थ तो कोर्स राज्यातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत सारखाच धरला जातो, एवढं कळलंय. यूडब्ल्यूचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचं, कोणाला माहीत आहे का?

आडवाटेने

यूडब्ल्यूचं मी सांगतो, पुतण्या तिथे होता. रनिंग स्टार्टची मुलं कितीही क्रेडिट घेऊन आली तरी अर्ज पहिल्या वर्षासाठीच करतात. म्हणजे ट्रान्सफरच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, वसतिगृह, शिष्यवृत्त्या वगैरे नव्या मुलांसारखंच. कम्युनिटी कॉलेजचे ९० क्रेडिटपर्यंत पदवीला धरतात.

पुतण्याने बारावीबरोबरच कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतली आणि विसाव्या वर्षी अर्थशास्त्राची बॅचलर. दोन वर्षांची फी, वसतिगृहाचा खर्च सगळा वाचला. भाऊ-वहिनी दोघंही साध्या नोकरीत. त्यांच्या घरात या योजनेचं मोल काय आहे ते मी डोळ्यांनी बघितलंय. इथे सगळे 'अनुभव', 'आवड' वगैरे बोलतायत म्हणून मुद्दाम लिहितो. पैसे वाचणं ही लाजेची गोष्ट नाही.

पिठलंभाकरी

आडवाटेने, पैशाचा मुद्दा पटला. पण अर्थशास्त्रात जे जमलं ते इंजिनिअरिंगमध्ये जमेलच असं नाही. मी स्वतः मेकॅनिकल शिकलोय आणि इथे मुलींच्या वेळी पुन्हा सगळं बघितलं. इंजिनिअरिंगमध्ये कोर्सची साखळी असते. कॅल्क्युलस झाल्याशिवाय फिजिक्स नाही, फिजिक्सशिवाय स्टॅटिक्स नाही, स्टॅटिक्सशिवाय पुढचं नाही. इतिहास, इंग्लिश, सायकॉलॉजीचे कितीही क्रेडिट आधी जमवले तरी ती साखळी आपल्या गतीनेच पुढे सरकते. थोरलीकडे भरपूर क्रेडिट होते, तरी साडेतीन वर्षं लागलीच. फायदा एवढा झाला की शेवटच्या वर्षी तिच्यावर ओझं कमी होतं आणि तिला प्रयोगशाळेत काम करायला वेळ मिळाला. तो फायदाही मोठाच आहे, पण 'दोन वर्षं वाचली' हे गणित सगळ्यांना लागू होत नाही.

गणितमास्तरीण

हा धागा बघून राहवलं नाही, मोठी प्रतिक्रिया लिहितेय.

मी मध्य-पश्चिमेतल्या एका कम्युनिटी कॉलेजात बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवते. माझ्या प्रत्येक वर्गात हायस्कूलची मुलं असतात. कोण कोण आहेत हे मला यादीवरून कळतच असं नाही, आणि मी विचारतही नाही. तेच बरं आहे. वर्गात एका बाकावर सोळा वर्षांची मुलगी असते, तिच्या शेजारी रात्रपाळी करून आलेला नर्सिंग असिस्टंट, पलीकडे दोन मुलांची आई, मागे गॅरेजमध्ये काम करणारा पस्तिशीचा गडी. गटात प्रकल्प करायचा असतो. मागच्या वर्षी एका गटाने बसच्या वेळांचा अभ्यास घेतला. शाळकरी मुलीला सूत्रं पटापट येत होती, पण रोज त्याच बसने कामावर जाणारा माणूस म्हणाला, "तू सरासरी काढतेस, पण माझी नोकरी जाते ती एका दिवशी बस चाळीस मिनिटं उशिरा आली म्हणून." ती मुलगी थांबली, वही उलटी करून पुन्हा पहिल्यापासून आलेख काढायला बसली. पसरण म्हणजे काय ते मी तासभर शिकवूनही तिला तसं समजलं नसतं. शाळेत हे मिळत नाही. कम्युनिटी कॉलेजला कोण विचारतं, असं जे वर आलंय, त्यावर माझं एवढंच उत्तर.

आता दुसरी बाजू, ती तितकीच खरी आहे. शाळेत मुलांना आठवण करून देणारं कोणीतरी असतं. आमच्याकडे पहिल्या दिवशी सिलॅबस मिळतो आणि त्यात सगळ्या तारखा असतात. रविवारी रात्री ११:५९ ला क्विझ बंद होते म्हणजे बंद होते. माझ्याकडे जी हायस्कूलची मुलं अडखळतात ती गणितात कच्ची असतात असं नाही. ती गृहपाठ वेळेवर कॅनव्हासवर (कॉलेजच्या अभ्यासाच्या वेबसाइटवर) चढवत नाहीत, अडलं तर विचारायला येत नाहीत. आठवड्यातून ठरलेल्या वेळी मी ऑफिसात दार उघडं टाकून बसलेली असते. पहिल्या महिन्यात जो मुलगा त्या दारातून आत येतो तो सहसा तरतो.

आणि आई-बाबांनो, तुम्ही फोन केलात तर मी काहीही सांगू शकत नाही. १९७४ चा फर्पा कायदा आहे. कॉलेजात नाव घातलं की नोंदींचा हक्क विद्यार्थ्याकडे जातो, वय सोळा असलं तरी. शाळेकडून किंवा कॉलेजच्या ऑफिसातून रीतसर काही माहिती मिळू शकते, पण 'माझ्या मुलाचे मार्क कसे आहेत' हे प्राध्यापकाला विचारायची सोय नाही. घरी मुलाशी बोलणं हाच मार्ग.

तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. हा ग्रेड कायमचा असतो. एपीत दोन मिळाले तर तो स्कोअर कुठल्याच विद्यापीठाला पाठवायचा नाही, विषय संपला. कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) सी किंवा डी आला तर तो तिथेच राहतो. तुमच्या मुलीचा ओढा जीवशास्त्राकडे आहे म्हणून खास सांगते: पुढे मेडिकलला अर्ज करायचा झाला तर एएमकॅस, म्हणजे मेडिकल कॉलेजांचे अर्ज एकत्र घेणारी सेवा, सगळ्या कॉलेजांची ट्रान्सक्रिप्ट मागते. हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कोर्सही त्यात येतात आणि जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरले जातात. सोळाव्या वर्षीचा केमिस्ट्रीचा ग्रेड बाविसाव्या वर्षी पुन्हा समोर येतो. घाबरवायला सांगत नाही. पण झेपत नाही असं दिसलं तर वेळेत बाहेर पडायच्या तारखा असतात. सुरुवातीच्या दिवसांत कोर्स सोडला तर खूणही राहत नाही, नंतर सोडला तर डब्ल्यू (विथड्रॉल, म्हणजे कोर्स सोडल्याची खूण) येतो, त्यानंतर ग्रेडच. त्या तारखा फ्रिजवर लावून ठेवा.

रानपाखरू

गणितमास्तरीण, तुमची प्रतिक्रिया वेगळा धागा म्हणून काढा हो. प्रिंट काढून ठेवतेय.

चहाबाज

अनुमोदन. बसचं उदाहरण बायकोला वाचून दाखवलं.

गोदाकाठ

एक वेगळा मुद्दा. आपण सगळे मुलांना इतकी घाई का करतोय? सोळाव्या वर्षी कॉलेज, विसाव्या वर्षी नोकरी, आणि मग? माझा या सगळ्याला मनापासून विरोध आहे. हायस्कूलची शेवटची दोन वर्षं परत मिळत नाहीत. मित्र, खेळ, उगाच रिकामं बसणं, याचीही किंमत असते. आपल्या समाजात एकाने केलं की शेजारच्याला करावंच लागतं. एकीच्या मुलाने आठ एपी घेतले म्हणून दुसरीचा दहा घेतो. शनिवारच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये आईबाबांच्या गप्पा ऐका, सगळं कळेल.

आडवाटेने

गोदाकाठ, तुमचा राग मला समजतो, पण तो रोखलाय भलतीकडेच. दहा एपीची चढाओढ वेगळी आणि पुतण्यासारख्या मुलाला विनाकर्जाची पदवी मिळणं वेगळं.

सनीसाइड

आडवाटेने यांच्याशी सहमत. मी न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्समध्ये राहतो. घराजवळच लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज आहे. तिथे १९७४ साली मिडल कॉलेज हायस्कूल निघालं. ते काही पुढे असलेल्या मुलांसाठी काढलेलं नव्हतं. शाळा सोडून देण्याच्या बेतात असलेल्या मुलांना कॉलेजच्याच आवारात आणून बसवलं, मोठ्यांमध्ये वावरू दिलं, कॉलेजचे कोर्स घेऊ दिले, तर ती टिकतील, असा विचार होता. आणि आपल्याकडे हे सगळं अर्जावर आणखी एक ओळ वाढवण्यासाठी चाललंय. मला त्याचं खरंच वाईट वाटतं. ज्यांच्या घरात कोणीच कॉलेज बघितलेलं नाही, त्या मुलाला सोळाव्या वर्षी 'मी कॉलेजचा कोर्स पास झालो' हे कळणं म्हणजे काय असतं! शेजारच्या दक्षिण अमेरिकन कुटुंबातली मुलगी असे दोन कोर्स करून आली तेव्हा तिच्या वडिलांनी अख्ख्या मजल्याला जेवायला बोलावलं होतं.

वैशाखी

सनीसाइड, किती छान. जेवायला काय होतं? :)

सनीसाइड

भात, राजम्यासारखे घेवडे आणि तळलेली केळी. मी पुरणपोळ्या घेऊन गेलो होतो, पहिल्या पंधरा मिनिटांत संपल्या.

टिळकरोड

अवांतर, पण पुण्यातलं सांगावंसं वाटतं. इथे कॉलेजच्या पातळीचं गणित शाळकरी मुलांनी शिकायची परंपरा आहे, फक्त क्रेडिटचा प्रश्न नसतो. भास्कराचार्य प्रतिष्ठानात ऑलिम्पियाडच्या तयारीला मुलं येतात, नववी-दहावीतली पोरं संख्याशास्त्राच्या नव्हे, संख्यासिद्धांताच्या, म्हणजे नंबर थिअरीच्या सिद्धता फळ्यावर लिहितात. त्याची ट्रान्सक्रिप्ट नसते, जीपीए नसतो. भाचा तिथे जायचा. घरी येऊन जेवताना ताटाच्या कडेला बोटाने आकडे काढत बसायचा. तुमच्याकडचं वाचताना वाटलं, क्रेडिटची चिंता नसती तर किती मुलं हे नुसत्या आनंदासाठी करतील?

आता आपल्याकडेही वारं बदलतंय. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला, त्यात शालेय शिक्षणही धरलंय. आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन बीएसची पात्रता फेरी अकरावी झालेल्या मुलांना देता येते, प्रवेश मात्र बारावीनंतर. आमच्या इमारतीतल्या एकीने दिलीसुद्धा. पण अकरावी-बारावीला जेईई-नीटचे क्लास सकाळ-संध्याकाळ मुलांना धरून ठेवतात, त्यातून वेळ कुठला काढणार?

राईनकाठचा

टिळकरोड, जर्मनीत तुमच्या मनासारखं आहे बघा. इथे 'फ्र्यूश्टुडिउम' असतं. शाळेतली मुलं आठवड्यातून काही तास विद्यापीठाच्या व्याख्यानांना बसतात, फी नाही. परीक्षा दिली तर ते पुढे धरलं जाऊ शकतं, नाही दिली तरी कोणी काही म्हणत नाही. मुलाच्या शाळेने त्याला मंगळवारी सकाळचे तास चुकवून गणिताच्या व्याख्यानाला जायची परवानगी दिली. बुडालेला अभ्यास त्याचा त्याने भरून काढायचा, एवढीच अट.

डॅलसची_दमयंती

मूळ प्रश्नाकडे येते. :) टेक्सासमध्ये याला ड्युअल क्रेडिट म्हणतात आणि बहुतेक वेळा ते शाळेतच, शाळेच्याच शिक्षकाकडून होतं. त्या शिक्षकाची पदव्युत्तर पात्रता कॉलेजच्या नियमात बसावी लागते. राज्यभर कोर्सचे नंबर सारखे: इंग्लिश १३०१, इतिहास १३०१, गव्हर्नमेंट २३०५. ४२ तासांचा कोअर अभ्यासक्रम राज्यातल्या कुठल्याही सरकारी विद्यापीठात लागतो.

आमच्याकडे खरी मारामारी असते ती क्लास रँकची. यूटी ऑस्टिनला (ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाला) आपोआप प्रवेश वर्गातल्या वरच्या सहा टक्क्यांना होता, २०२६ पासून पाच टक्के. काही डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारे स्थानिक विभाग) एपीला जास्त वजन देतात आणि ड्युअल क्रेडिटला थोडं कमी. आमच्या डिस्ट्रिक्टने तेच केलं. मुलाने मनापासून इतिहासाचा ड्युअल क्रेडिट कोर्स घेतला, ए मिळवला आणि रँक खाली गेला. समुपदेशकाला विचारलं तर म्हणे पुस्तिकेत दिलंय. पुस्तिका शंभर पानांची. असा नियम पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात छापायला हवा, हे मी शाळेच्या बोर्डाच्या सभेत उभं राहून बोललेय. तुमच्या शाळेत वजनाचा नियम काय आहे तो लेखी मागून घ्या.

मिनेसोटाकर

दमयंतीताई, सभेत बोललात हे उत्तम केलंत. बाकीचे पालक कुरकुर करून घरी जातात.

पिठलंभाकरी

सिॲटलची_सर, तुमच्या राज्यात तिसरा पर्यायही आहे, तो इथे कोणी मांडलाच नाही. 'कॉलेज इन द हायस्कूल'. कोर्स कॉलेजचा, वर्ग शाळेतला, शिक्षक शाळेचा. २०२३ पासून सरकारी शाळांत त्याची फीही माफ आहे. व्हायोला आणि ऑर्केस्ट्रा सांभाळायचा असेल तर याचा विचार करा. फक्त तो ग्रेडही कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर जातो, म्हणजे गणितमास्तरीणबाईंचा तिसरा मुद्दा इथेही लागू.

गोदाकाठ

आडवाटेने आणि सनीसाइड, तुमचं वाचून विचार केला. ज्याला गरज आहे त्याच्यासाठी ही योजना असावी, आणि ती फुकटच असावी, याला माझा पाठिंबा आहे. माझा विरोध चढाओढीला आहे आणि तो कायम आहे. मुलीला स्वतःहून जायचं असेल तर जाऊ द्या. नवरा-बायकोच्या वादात तिचं वेळापत्रक ठरू नये एवढंच.

सिॲटलची_सर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी लेकीला आणि नवऱ्याला शेजारी बसवून अख्खा धागा मोठ्याने वाचला. बसच्या गोष्टीनंतर नवरा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "असा वर्ग मला मिळाला असता तर."

सध्या ठरलंय ते असं: अकरावीच्या फॉलमध्ये पूर्ण वेळ नाही, कॉलेजचा एकच कोर्स, इंग्लिश १०१. कॅल्क्युलस एपी, शाळेतच. ऑर्केस्ट्रा आहेच. केमिस्ट्री आणि बायोलॉजी कॉलेजात आत्ता घ्यायची नाहीत, पहिल्या क्वार्टरचा ग्रेड बघून ठरवायचं. हे तिनेच सुचवलं. जायचा-यायचा प्रश्न नाही. इथे २०२२ च्या सप्टेंबरपासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना बस आणि रेल्वे फुकट आहे, आणि कॉलेजची बस आमच्या कोपऱ्यावरूनच जाते.

एकच अडचण उरलीय. ऑर्केस्ट्रा शाळेत पहिल्या तासाला आहे आणि कॉलेजचा इंग्लिशचा सोयीचा वर्ग साडेनऊचा. मधला वेळ जेमतेम पुरतो.

आडवाटेने

पुतण्याचीही हीच अडचण होती. दुपारचा किंवा ऑनलाइन वर्ग असतो, पण इंग्लिश १०१ ऑनलाइन घेऊ देऊ नका. समोरासमोर बसून लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवायचं असतं, त्यातच त्या कोर्सचा अर्क आहे. आणखी एक गोष्ट, कॉलेजचं वेळापत्रक शाळेच्या सुट्ट्यांशी जुळत नाही. शाळेची वसंतातली सुट्टी आणि कॉलेजची सुट्टी वेगवेगळ्या आठवड्यांत येते. भारतात जायची तिकिटं काढायच्या आधी दोन्ही कॅलेंडरं समोर ठेवा.

गणितमास्तरीण

दुपारचा घ्या, आडवाटेने म्हणतायत तसा. नोंदणीची तारीख कधी उघडते ते कॉलेजच्या रनिंग स्टार्ट ऑफिसातून आत्ताच विचारून घ्या. चालू विद्यार्थ्यांना आधी नोंदणी मिळते आणि नव्यांना शेवटी, त्यामुळे चांगल्या वेळेचे वर्ग भरून जातात. वेटलिस्टवर नाव आलं तरी पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसायचं, पहिल्या आठवड्यात जागा सुटतात. आणि हे विचारायला तिलाच पाठवा, तुम्ही बाहेर थांबा.

चहाबाज

आमच्या ओहायोत कॉलेज क्रेडिट प्लस सातवीपासून चालतं म्हणे. आमची आठवीत आहे. कोणी इतक्या लवकर केलंय का?

गणितमास्तरीण

चालतं, २०१५ पासून आहे. सातवी-आठवीची मुलं क्वचितच येतात. तिला कशाची आवड आहे ते आधी सांगा, मग बोलू. स्पॅनिश वगैरे भाषेचा कोर्स असेल तर एकवेळ हो म्हणेन.

चहाबाज

खगोलशास्त्र. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत छतावर असते.

गणितमास्तरीण

मग थांबा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. आमच्याकडे खगोलशास्त्र शिकवणारे एक जण आहेत, त्यांना विचारून सांगते की बीजगणित कितपत लागतं.